उत्तरेला घाटापर्यंत

आमच्या सासूबाईंचं दिग्व्रत होतं. पूर्वेला रामटेक, पश्चिमेला मुक्तागिरी, दक्षिणेला नागपूर आणि उत्तरेला सिल्लेवानी घाट. या चौकटीबाहेर पाऊल टाकायचं नाही, मरेपर्यंत. सौंसरच्या घरात राहून त्यांनी हा नियम चाळीसेक वर्षं पाळला आणि चौकटीतच डोळे मिटले. आजही पर्युषणात, महिला मंडळात गुणव्रतांचा विषय निघाला की कुणीतरी त्यांचं नाव काढतंच. खरं म्हणजे सगळ्यात जास्त मीच काढलं आहे. सख्खा भाऊ छिंदवाड्याला वारला तरी बाईंनी घाट ओलांडला नाही, हा प्रसंग मी भाषणात निदान दहा वेळा सांगितला असेल. सांगताना माझा गळा दाटून यायचा. समोरच्या बायकाही पदर डोळ्यांना लावायच्या.

गेल्या डिसेंबरात एका सहलीला निघाले. त्या सहलीच्या पहिल्याच दिवसानंतर ते भाषण मला करता आलेलं नाही.

सहल माझ्या लेकीची. ती पुण्याला नोकरी करते, शनिवार-रविवारी किल्ले चढते. हल्ली दोराने कडेही चढते. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी गाडी घेऊन पांढुर्ण्याला आल्या. बेत असा, की पहिल्या दिवशी तामिया आणि पातालकोट, मग पचमढी, चौरागड, आणि शेवटी कुठल्याशा कड्यावर दोर लावून चढाई. "आई, तू चल," ती म्हणाली. यजमान म्हणाले, "या वयात?" मी छपन्न वर्षांची आहे. या दोन शब्दांनीच माझं जायचं ठरलं.

तसं बघितलं तर आमच्या भागाला डोंगर चढणं नवीन नाही. ट्रेक हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून नागपंचमीला आमच्या गावचे लोक पाठीवर शिधा बांधून पचमढीच्या नागद्वारीला जातात, पावसात डोंगर चढतात-उतरतात. महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावरून त्रिशूळ नेतात. आपण जैन बायका मुक्तागिरीच्या पायऱ्या चढतो, बावन्न मंदिरांचं दर्शन घेतो. पण ते सगळं देवासाठी. देवाचं नाव न घेता नुसतं डोंगर बघायला जाणं, हे मात्र मला स्वतःलाही थोडं चोरटं वाटत होतं. घाट मी आधी ओलांडला नव्हता असं नाही. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तोवर आमचं सगळं सरकार छिंदवाड्यालाच होतं. दाखला, कोर्ट, दवाखाना, लग्न, मयत. आपल्या बायकांच्या प्रवासाची यादी बहुतेक एवढीच असते.

सामानात मी एक गोष्ट आधी ठेवली, ती म्हणजे पाण्याचा छन्ना. मग लाडू, शेव, दशम्या. मुलींच्या सामानात दोर, लोखंडी कड्या, हेल्मेट. पहाटे मंदिरात दर्शन घेतलं आणि निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, धुक्यात उभे असलेले ट्रक, क्रेट भरणारी माणसं. जामसावळीच्या हनुमानाकडे जाणाऱ्यांची गर्दी एवढ्या सकाळीही सुरू झालेली. सौंसरला नणंदबाईंना घेतलं. त्या चौसष्ट वर्षांच्या. मीच त्यांना आग्रह केला होता. चारचौघींत मी एकटी म्हातारी नको, हाही एक हेतू.

दिग्व्रताचं थोडं सांगते, नव्या पिढीच्या वाचक बहिणींसाठी. श्रावकाची पाच अणुव्रतं. त्यांना बळ देणारी तीन गुणव्रतं, त्यातलं हे पहिलं. दहाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द ठरवायची, तीही आमरण. ठरावीक मुदतीपुरती हद्द आणखी आखडली तर ते देशव्रत. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात हद्दीच्या खुणा सांगितल्या आहेत: समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश, योजनं. कारण सरळ आहे. गृहस्थ म्हणजे तापलेला लोखंडाचा गोळा. जिथे जाईल तिथे काहीतरी पोळणार. हद्दीबाहेरच्या सगळ्या जीवांना त्याच्यापासून अभय मिळतं. त्या बाहेरच्या प्रदेशापुरता तो जणू महाव्रतीच होतो. आणि लोभालाही कुंपण पडतं. हद्दीबाहेर कितीही नफा असला तरी तो आपला नाही.

आता हा लोभाचा भाग बघा. तो मुख्यतः व्यापाऱ्याला लागू. ज्याची संत्री दिल्ली-कोलकात्याला जातात, त्याने "नागपूरच्या पुढे माल नेणार नाही" म्हटलं तर त्या नियमाला वजन आहे. पण माझ्या पाहण्यात हे व्रत पुरुषांपेक्षा बायकांनीच जास्त घेतलेलं आहे, आणि त्या बायका मुळातच कुठे जात नव्हत्या. ज्याच्या पायात चाक नाही त्याने चाकाला खीळ कशासाठी घालायची? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. गाडी रामाकोण्याच्या पुढे गेली, कन्हान मागे पडली आणि घाटाची वळणं सुरू झाली, तेव्हाही पडला नव्हता. मी मागे वळून मुलींना कौतुकाने सांगत होते, "हीच तुमच्या आजीची उत्तर दिशा. भाऊ गेला तरी..."

"वहिनी, पुरे," नणंदबाई म्हणाल्या.

मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघतच बोलू लागल्या. "आईनं नियम घेतला नव्हता गं आधी. तिला घालून दिला होता. बाबांची आणि मामाची जिनिंगमध्ये भागी होती. ती तुटली. बाबांनी जेवताना सांगितलं, आजपासून छिंदवाड्याचं नाव या घरात नाही. आई दोन महिने कोणाशी धड बोललीच नाही. मी बारा वर्षांची होती. मग उन्हाळ्यात संघ आला. आईनं महाराजांसमोर श्रीफळ ठेवलं आणि दिग्व्रत मागितलं. बाकीच्या दिशा तिनं विचार करून करून सांगितल्या. उत्तरेला मात्र लगेच म्हणाली, घाट. रात्री मी विचारलं, काहून घेतलं? तर म्हणते, आता कुणी विचारलं ना की माहेरी काहून नाही जात, तर सांगता येईल."

गाडीत कुणी बोललं नाही. माझी लेक चालवत होती. तिने गाडी हळू केली, तेवढंच. वळणं संपली, पठार लागलं, उमरानाला आलं. छिंदवाडा शहरातून आम्ही न थांबता बाहेर पडलो. मामांची गल्ली कुठल्या बाजूला, हे नणंदबाईंनी दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तामियापर्यंत मी मनातल्या मनात भांडत होते. कोणाशी ते मलाही ठाऊक नाही. पहिला विचार आला तो रागाचा. म्हणजे व्रत खोटंच की! नवऱ्याच्या हुकमाला धर्माचं कापड गुंडाळलं, झालं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रती कोणाला म्हणावं ते सांगितलं आहे: ज्याच्या मनात शल्य नाही, तो. माया, मिथ्यात्व, निदान ही तीन शल्यं, तीन काटे. आणि इथे तर व्रताचा पायाच एका काट्यावर. वर त्यात थोडी मायासुद्धा, कारण खरं कारण लोकांपासून लपवण्यासाठीच ते घेतलेलं.

पण हा राग फार वेळ टिकेना. दुसऱ्याच्या हाताने आखलेली रेघ म्हणून नियम खोटा ठरत असेल, तर माझं रात्रीभोजन-त्यागाचं काय? मला काय विचारून नियम दिला होता? मी पाच-सहा वर्षांची असताना आईने दिवे लागल्यावर ताट उचलून नेलं, तेव्हापासून तो नियम. कंदमुळं खात नाही, तेही घरात येत नव्हती म्हणून. आणि आधी अनुभव घ्यावा मग सोडावं, नाहीतर त्याग खरा नाही, असं जे हल्ली बोललं जातं तेही मला पटत नाही. मांस न चाखताच आपण ते सोडलेलं आहे, त्यात काही कमी नाही.

मग तो रात्रीचा नियम माझा कधी झाला? मला आठवतं. नागपूरला बीएला होते, खोली करून राहत होतो तिघी. रात्री नऊला मैत्रिणींनी कचोऱ्या आणल्या. बघणारं कुणी नव्हतं, सांगणारं कुणी नव्हतं. मी खाल्ली. एक नाही, दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणल्या, तेव्हा नाही खाल्ली. त्या दुसऱ्या रात्री तो नियम आईच्या हातातून माझ्या हातात आला असं मला वाटतं. दार उघडं होतं आणि मी आतच थांबले. सासूबाईंच्या दाराचं काय? सासरे वारल्यावर ते उघडलं. भाऊ गेला तो त्यानंतर पाच वर्षांनी. अडवणारं कुणी उरलं नव्हतं. नणंदबाई स्वतः गाडी घेऊन दारात उभ्या होत्या, "चल" म्हणत होत्या. त्या गेल्या नाहीत. "नियम आहे," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा तो त्यांचा झालेला होता? की इतक्या वर्षांत पाय गोठले होते? की "बाईंनी नियम मोडला" असं म्हणायला टपलेल्या आमच्यासारख्यांची भीती होती?

"रात्रभर ओट्यावर बसली होती," नणंदबाई म्हणाल्या होत्या. "माळ होती हातात. पण मणी पुढे सरकून नव्हता राहिला. पहाटे छोट्या गाडीची शिटी झाली तेव्हा उठली, आंघोळीला गेली." नागपूर-छिंदवाड्याची ती छोटी रेल्वे. 2015 मध्ये ती बंद झाली, आता मोठी गाडी धावते. सौंसरहून त्या गाडीत बसलं की भावाच्या गावाला उतरता यायचं. हा भाग मी माझ्या भाषणात कधी सांगितला नाही, कारण मला तो माहीत नव्हता. पण माहीत असता तर सांगितला असता का, याची मला खात्री नाही. न सरकलेला मणी भाषणात शोभत नाही.

पातालकोट म्हणजे डोंगराला पडलेली प्रचंड खोल वाटी. वरून बघितलं तर तळाशी झाडं, शेतं, घरं खेळण्यासारखी दिसतात. बारा गावं आहेत आत, भारिया आणि गोंड लोकांची. वरच्या कडेपासून खोली हजार-बाराशे फुटांहून अधिक. काही गावांपर्यंत आता रस्ता उतरला आहे, पण मुलींना पायवाटच हवी होती. मला गंमत वाटली. दिग्व्रताच्या अतिचारांत ऊर्ध्व, अधो आणि तिर्यक असे तीन सांगितले आहेत: वर चढून, खाली उतरून, आडवं जाऊन हद्द मोडणं. सासूबाईंनी आडव्या चार दिशा बांधल्या, खाली पाताळाचा विचारच केला नसणार. कोणाला सुचणार?

एका ठिकाणी उतार फार उभा होता, मुरूम घसरत होता. लेकीने झाडाला दोर बांधला आणि आम्हा दोघींना कमरेला पट्टा घालायला दिला. मी तिच्यासमोर उभी राहिले, बांध म्हणून. ती म्हणाली, "नाही आई, गाठ तू मार. मी शिकवते. ज्याला उतरायचं त्याने स्वतः मारायची. दुसऱ्याने फक्त तपासायची." आठाच्या आकड्यासारखी गाठ असते ती. मला तीनदा चुकली. चौथ्यांदा बरोबर आली, तेव्हा तिने ओढून पाहिली, मैत्रिणीने ओढून पाहिली, मग सोडलं. मी उतरताना विचार करत होते की गुरूच्या साक्षीने व्रत घ्यायचं ते असंच असेल. गाठ आपली, डोळा त्यांचा. सासूबाईंची गाठ तपासताना महाराजांना तरी काय दिसणार? बाई स्वतःहून श्रीफळ घेऊन आली, हात जोडले, दिशा सांगितल्या. कमरेचा पट्टा आधीच कुणी आवळला होता ते दिसायला त्यांना घरातलं कळायला हवं होतं. घरातलं ज्यांना कळत होतं, ते गप्प होते.

खाली झिऱ्याशी एक बाई पाणी भरत होती. साठीची असेल, कदाचित माझ्याच वयाची. आमचं पाणी संपलं होतं. मी छन्ना काढला, तेव्हा तिने आपल्या हंड्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं दाखवलं आणि हसली. "हम भी छानते हैं।" बसलो तिच्याजवळ. झाडी, ऊन, पाण्याचा आवाज. मी आपली सवयीने म्हणाले, "यहाँ बड़ी शांति है। ऊपर की दुनिया में क्या रखा है!" 

ती म्हणाली, "अच्छा तो है।" मग थोडं थांबून, "बहू को दर्द उठा था तो खाट पे ऊपर ले गए थे। रात में। चार जन।" आणि ज्या वाटेने आम्ही हौसेने दोर लावून उतरलो होतो, त्या बाजूला हात केला. सून वाचली का, हे मी विचारलं. वाचली. मूल नाही.

माझे कान तापले. मी नेमकं तेच केलं होतं, जे सासूबाईंच्या बाबतीत करत आले. दुसऱ्याची हद्द बघितली आणि तिचं कौतुक केलं, ती कोणी घातली हे न विचारता. एखादी बाई हद्दीत राहून शांत दिसली की आपल्याला बरं वाटतं, कारण तिच्या शांततेत आपलं काही जात नाही. उलट सोय होते. आमच्या घराचीच सोय झाली होती. सासऱ्यांना भांडण मिटवावं लागलं नाही, दिराला मामाकडे तोंड दाखवावं लागलं नाही, आणि मला एक भाषण मिळालं. सासूबाईंना मी दोष देत नाही. हातात जे आलं त्याचं त्यांनी व्रत केलं. हुकमाखाली जगण्यापेक्षा व्रताखाली जगणं त्यांनी पसंत केलं, आणि ते पुढे सांभाळलं ते त्यांच्याच ताकदीने. पण आम्ही त्या ताकदीची आरती केली आणि हुकमाचं नावही काढलं नाही. शल्य त्यांच्या मनात होतं की नाही, हे केवलींनाच ठाऊक. आमच्या कौतुकात मात्र माया होती.

आणि माझी स्वतःची तीस वर्षं? मी कुठलं दिग्व्रत घेतलेलं नाही. तरी माझी चौकट सासूबाईंपेक्षा फार मोठी नव्हती. आमच्या भागाला तर दुसऱ्यांनी रेघा ओढण्याची सवयच आहे. 1956 मध्ये राज्यं नव्याने आखली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मराठी बोलत बोलत मध्यप्रदेशात राहिलो. त्याबद्दल अजून कुणी ना कुणी कुरकुरतं. बायकांच्या चौकटीबद्दल कोणी कुरकुरलं नाही. ती चौकट पाळल्याचं पुण्य मला मिळेल असं मी मानत नाही, कारण मी काही सोडलंच नव्हतं. नुसतं कोणी विचारलं नव्हतं. उद्या मला दिग्व्रत घ्यावंसं वाटलं तर घेईनही. वाढत्या वयात पाय आवरते घेणं चांगलंच. पण उत्तरेला कुठे थांबायचं, हे त्या वेळी मी कुणाच्या भांडणावरून ठरवणार नाही.

चढताना फार उशीर झाला. दर दहा पावलांवर नणंदबाई थांबत होत्या, आणि त्यांच्या निमित्ताने मी. पायाखाली मुंग्यांच्या रांगा, वाळल्या पानांवर किडे. मुली बिनधास्त चालत असतील असं मला वाटलं होतं, पण रांग आली की लेक न बोलता पाय उचलून पलीकडे टाकायची. हे तिला मी कधी शिकवलं, मला आठवत नाही. कड्याच्या वर पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. एका खडकावर बसून मी आणि नणंदबाईंनी दशमी आणि लाडू घाईघाईने खाल्ले, पाणी प्यालो. लेक म्हणाली, मी तामियाला गरम जेवेन. मी नेहमीसारखं काहीतरी बोलणार होते. नाही बोलले. तिची दुसरी रात्र तिची तिला भेटू दे.

तामियाच्या विश्रामगृहात पाय सुजले होते. नणंदबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "परत येताना मामीकडे थांबू." मामी म्हणजे त्या भावाची बायको, सत्त्याऐंशी वर्षांच्या, छिंदवाड्याला मुलाजवळ असतात. आमच्या घरातलं कोणी त्या दारात किती वर्षांत गेलेलं नाही. "तुम्हीच फोन करा," मी म्हटलं. "तू लाव," त्या म्हणाल्या. शेवटी लेकीने कुठूनसा नंबर मिळवला आणि लावून दिला.

पलीकडे आधी नातू, मग बरीच शांतता, मग एक बारीक आवाज. "कोण? सौंसरहून?" नणंदबाईंनी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. पुन्हा शांतता. मला वाटलं फोन कापला गेला.

"येता का?" आवाज आला. "या मग. पण दिवसाउजेडी या बाई. म्हणजे जेवायला घालता येईल."